सह्या किती, प्रश्न किती: गावपातळीवरच्या नागरी शिक्षण प्रकल्पाचं मूल्यमापन

नागरी शिक्षणाचा प्रकल्प संपत आला की संस्थेच्या हातात आकडे भरपूर असतात. इतकी प्रशिक्षणं, इतके सहभागी, इतकी पथनाट्यं, संविधानाच्या उद्देशिकेच्या इतक्या प्रती वाटल्या. हे आकडे खरे असतात, त्यांची बिलंही फाईलला लावलेली असतात. पण त्यांवरून गावात काही हललं की नाही ते कळत नाही. ते कळायचं तर एखादा साधा माणूस ग्रामसभेत उठून काय म्हणाला, ते लिहिलं गेलं का आणि लिहिलेल्याचं पुढे काय झालं, एवढा माग काढावा लागतो. इथे उदाहरण म्हणून महाराष्ट्रातला नेहमीचा प्रकल्प धरला आहे: एका तालुक्यातली पंधरा-वीस गावं, दोन-तीन वर्षांचा काळ आणि विषय म्हणजे ग्रामसभा, गावविकास आराखडा व माहितीचा अधिकार.

साखळी आधी कागदावर मांडा

प्रशिक्षणातून गावाचा रस्ता होत नाही. मधे बऱ्याच कड्या असतात. माणसाला माहिती मिळते; मग 'आपण विचारलं तर चालतं' असा धीर येतो; मग तो विचारतो; ते नोंदलं जातं; यंत्रणा हो, नाही किंवा 'बघू' म्हणते; आणि कधीतरी काम उभं राहतं. या सहा कड्या एका कोऱ्या कागदावर ओळीने लिहा आणि प्रत्येकीखाली एकच गोष्ट लिहा, जी डोळ्यांनी बघता येईल किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरात, म्हणजे वह्या-कागदांत, सापडेल. 'जागृती वाढली' हे सापडत नाही. 'मागच्या चार ग्रामसभांत पाणीपट्टीच्या हिशेबावर किती वेळा प्रश्न आला' हे सापडतं.

धीराची कडी बहुतेक प्रकल्पांच्या साखळीतून गळते. माहिती असूनही गप्प बसणारी माणसं गावात पुष्कळ असतात, कारण त्यांचं रोजचं काम, उसनवारी, शेताला जायची वाट हे सगळं ज्यांना प्रश्न विचारायचा त्यांच्याच हातात असतं. माहितीचे गुण वाढले आणि प्रश्न वाढले नाहीत, तर दोष प्रशिक्षणात शोधू नका, आधी या कडीकडे बघा.

मूल्यमापनाचे मुख्य प्रश्न तीनच ठेवा. पंचवीस ठेवले की एकाचंही उत्तर धड मिळत नाही.

कॅलेंडर बघून काम ठरवा

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास होतात. त्यांतल्या निदान दोन प्रत्यक्ष बघायला मिळतील असा कालावधी निवडा. एकाच सभेवरून निष्कर्ष काढणं म्हणजे एका पावसावरून पावसाळा सांगणं.

बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोडीच्या गावांत दसरा-दिवाळीनंतर निम्मं गाव बाहेर पडतं आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततं. तिथे जानेवारीत केलेली पाहणी म्हणजे मागे राहिलेल्यांची पाहणी. कोकणात जुलैत लावणी चालू असताना कुणी प्रश्नावलीला बसत नाही, आणि बसलाच तर उत्तरं उरकतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवी मंजुरी थांबते आणि सगळेच जपून बोलतात, म्हणून त्या तारखाही आधी बघा.

गावविकास आराखड्याचं, म्हणजे गावात पुढच्या वर्षी कोणती कामं घ्यायची त्या यादीचं, चक्रही लक्षात ठेवा. पुढच्या वर्षीच्या आराखड्याची तयारी साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. २६ जानेवारीला आलेली मागणी त्या फेरीत बसली नाही तर वर्षभर लांबते. ही लांबण आणि टोलवाटोलवी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तारीख न बघता 'मागणी प्रलंबित' असा शिक्का मारला तर दोन्ही एकाच रकान्यात पडतात.

सुरुवातीची पाहणी झालीच नसेल तर? असं निम्म्याहून अधिक वेळा होतं, असं धरूनच चला. अशा वेळी दप्तर कामाला येतं. प्रकल्पाआधीच्या दोन-तीन वर्षांची इतिवृत्तं (सभेत काय झालं त्याच्या नोंदी) आजही कपाटात असतात आणि ती कुणाच्या आठवणीवर अवलंबून नाहीत. लोकांना आठवून सांगायला लावायचं असेल तर 'तीन वर्षांपूर्वी' म्हणू नका. 'मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीच्या आधी' किंवा 'टाकी बांधली त्याच्या आधी' असं म्हणा.

किती गावं, किती माणसं

पाहणीचा आकडा हौसेने ठरत नाही. समजा, प्रकल्पाबाहेरच्या गावांत २० टक्के लोक वर्षभरात एकदा तरी ग्रामसभेला जातात आणि प्रकल्पाच्या गावांत हे प्रमाण ३५ टक्क्यांवर गेलं असावं असा अंदाज आहे. हा फरक योगायोगाचा नाही हे नेहमीच्या सांख्यिकी खात्रीने पकडायला प्रत्येक बाजूला साधारण १३५ ते १४० माणसं लागतात. पण एका गावातली माणसं एकमेकांसारखी वागतात, त्यामुळे गावागणिक वीस मुलाखती घेतल्या तर हा आकडा जवळजवळ दुप्पट करावा लागतो. म्हणजे प्रत्येक बाजूला १४ गावं, दर गावात २० मुलाखती, एकूण ५६०. सहा जणांची टुकडी रोज माणशी सात मुलाखती करत असेल तर चौदा दिवस.

एवढा पैसा नसेल तर पाच गावांत शंभर मुलाखती घेऊन टक्केवारी छापू नका. सहा गावं प्रकल्पाची आणि सहा शेजारची घ्या, त्यांचं दप्तर खोलवर तपासा आणि टक्के सोडून द्या. असं मूल्यमापन जास्त खरं ठरतं.

माणसं निवडताना मतदारयादी वापरा, पण ती वस्तीवार लावून घ्या. गावठाण, दलित वस्ती, वाड्या, पाडे, मळ्यातली घरं यांतून लोकसंख्येच्या प्रमाणात नावं उचला. पाहणीवाल्यांची गाडी पारापाशी थांबते आणि मुलाखती पाराच्या हाकेच्या अंतरातच संपतात, हा नेहमीचा घोटाळा. त्यावर उपाय एकच, दूरच्या वस्तीपासून सुरुवात करायची.

ज्यांनी प्रशिक्षण दिलं त्यांना मुलाखती घ्यायला पाठवू नका. शिकवणाऱ्या ताईसमोर 'मला काही आठवत नाही' असं कुणी म्हणत नाही.

हजेरी: पट आणि प्रत्यक्ष

गणपूर्तीचा, म्हणजे सभा भरायला किमान किती जण हवेत याचा, नियम असा की एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी ती. ५०० मतदारांच्या गावात ७५ पुरतात, २,४०० मतदारांच्या गावात १००. ग्रामसभा वेळेवर घेतल्या नाहीत तर सरपंचाचं पद जाऊ शकतं, ग्रामसेवकावर कारवाई होऊ शकते. (आता ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव झालं आहे; गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात.) म्हणून हजेरीपट सहसा पुरा असतोच. तो पुरा असण्यात नवल नाही, आणि त्यावरून सहभाग मोजण्यात अर्थ नाही.

सभेत बसून तीन वेळा मोजा: सुरू होताना, अर्ध्या तासाने आणि संपताना. बाई-पुरुष वेगळे, आणि ओळखता येत असेल तर वस्तीही. मग नंतर पटावरच्या सह्या मोजा. दोन्ही आकड्यांमधली तफावत हाच तुमचा पहिला निर्देशक. सभेच्या जागी ४० डोकी आणि पटावर १०३ सह्या, तर रजिस्टर घरोघर फिरलं असं समजा. सह्या गणपूर्तीच्या आकड्याला नेमक्या टेकून थांबल्या असतील, घरक्रमाने ओळीत आल्या असतील किंवा तोडीला गेलेल्यांची नावं त्यात असतील, तर तशी टीप करा. यात दरवेळी लबाडीच असते असंही नाही. उशिरा आलेले किंवा लवकर गेलेले नंतर सही करतात. म्हणून आरोप न करता फक्त फरक लिहा.

दुसरी खूण म्हणजे तहकूब सभा. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि पुन्हा भरणाऱ्या सभेला गणपूर्तीची अट नसते. वर्षातले किती ठराव मूळ सभेत झाले आणि किती तहकूब सभेत, हे मोजा. महत्त्वाचे आर्थिक ठराव सरसकट तहकूब सभेत होत असतील तर त्या गावात हजेरी वाढल्याचा आनंद जरा जपूनच माना.

तिसरी खूण विषयपत्रिकेची. घरकुलाची यादी वाचायची असली की ग्रामसभेला जागा पुरत नाही. ती सभा 'प्रकल्पानंतर' आणि साधी सभा 'प्रकल्पाआधी' धरून तुलना केली तर वाढ चांगलीच दिसेल, आणि ती प्रकल्पाची नसेल. सारख्या विषयांच्या सभा एकमेकींशी ताडून बघा.

आणि बोललं कोण? यासाठी एक साधा तक्ता पुरतो. आडव्या ओळी: महिला, पुरुष, तरुण, दूरच्या वस्तीतले. उभे रकाने: मागणी, तक्रार, सूचना, हिशेबाचा प्रश्न. कुणी बोललं की एक रेघ मारा. 'आमच्या गल्लीत दिवा लावा' ही मागणी सगळीकडे येते. 'मागच्या वर्षी दिव्यांवर किती खर्च झाला' हा प्रश्न फार कमी येतो, म्हणून शेवटचा रकाना सगळ्यांत बोलका. उत्तर कुणी दिलं तेही लिहा. महिला सरपंच खुर्चीवर आणि उत्तरं त्यांचे यजमान देत असतील तर ते नोंदीत यायलाच हवं. ग्रामसभेआधीची महिला सभाही बघा. ती पंधरा मिनिटांत, अंगणवाडीत, फोटोपुरती उरकली जाते का, आणि तिथे ठरलेलं मुख्य सभेत वाचलं जातं का.

निरीक्षकाने बसण्याआधी अध्यक्षांची परवानगी घ्यावी. ग्रामसभा मतदारांची असते, तुम्ही पाहुणे आहात.

ठरावाचा माग

सगळ्या मूल्यमापनात एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. दर गावातून मागच्या दोन वर्षांतले दहा ठराव निवडा: पाच मोठ्या कामांचे, पाच साध्या माणसांच्या मागणीतून आलेले. मग प्रत्येकाच्या मागे जा.

समजा, ठराव क्रमांक सात: खालच्या वाडीच्या रस्त्यावर ओढ्यापाशी मोरी टाकणे. पहिला थांबा इतिवृत्त. सूचक कोण, अनुमोदक कोण, ते त्या दिवशी खरंच होते का? त्यांना भेटून विचारा. 'माझं नाव आहे होय त्यात?' असं उत्तर आलं तर ठरावाचा जन्मच कागदावरचा. दुसरा थांबा आराखडा: मोरी त्यात आली का, आणि कुठल्या निधीत? पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, मोरी बसायची ती उरलेल्या ४० टक्क्यांत. म्हणजे 'निधी नाही' हे उत्तर कधी खरं असतं, कधी नसतं, आणि आराखड्याचं पान उघडल्याशिवाय ते कळत नाही. तिसरा थांबा ई-ग्रामस्वराज, म्हणजे ग्रामपंचायतींची कामं आणि खर्च दाखवणारं सरकारी पोर्टल: तिथे हे काम कोणत्या नावाने, किती रकमेचं दिसतं? चौथा थांबा तांत्रिक मंजुरी, पाचवा मोजमाप पुस्तिका आणि रोकड वही. सहावा थांबा ओढा. पायात चिखल लागू द्या, पाईप मोजा, फोटो काढा, वाडीतल्या बाईला विचारा की यंदाच्या पावसात पोरं शाळेत गेली का.

प्रत्येक ठरावापुढे तो कोणत्या थांब्यावर अडला तेवढंच लिहा. दहा गावांचे शंभर ठराव असे लावले की चित्र आपोआप दिसतं. बरेच ठराव तोंडातून वहीत येतानाच हरवत असतील तर लोकांना इतिवृत्त वाचून दाखवायची मागणी कशी करायची हे शिकवायला हवं होतं. आराखड्यात येऊन पंचायत समितीत अडकत असतील तर गावकऱ्यांच्या प्रशिक्षणाने तो प्रश्न सुटणार नव्हता. प्रकल्पाचा पुढचा टप्पा कुठे खर्च करायचा हे या यादीवरून ठरतं.

तोंडातून वहीत काय पोचतं हे तपासायला तुम्ही स्वतः बसलेल्या सभेचं टिपण आणि नंतर तयार झालेलं इतिवृत्त शेजारी ठेवा. सभेत बोलले गेलेले मुद्दे किती, लिहिले गेलेले किती, आणि 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलेल्यांपैकी कितींवर सभेत वाद झाला होता, ते मोजा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमती आणि अभ्यासगट यांवर आपली ग्रामसभा उभी केली. तिथे सर्वसहमती म्हणजे वाद संपेपर्यंत बसणं. इतरत्र हाच शब्द पुष्कळदा शिक्क्यासारखा उमटतो.

दप्तर मिळवायला पहिल्याच आठवड्यात लेखी पत्र द्या. नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, तीस दिवस. शेवटच्या आठवड्यात हा अर्ज करून उपयोग नाही. कोणत्या गावाने वही लगेच पुढे केली आणि कुठे अर्ज करावा लागला, हीसुद्धा माहितीच आहे. ती टाकून देऊ नका.

माहिती मोजताना

'तुम्हाला ग्रामसभेबद्दल माहिती आहे का?' या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी प्रसंग द्या: 'वाडीतला हातपंप महिनाभर बंद आहे, सरपंचांना सांगून झालं. आता तुम्ही काय कराल?' उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या आणि गुण नंतर द्या. काहीच नाही किंवा नशीब, शून्य. कुणा पुढाऱ्याला सांगू, एक. ग्रामपंचायतीत अर्ज देऊ आणि पोच घेऊ, दोन. अर्ज, मग ग्रामसभेत विषय, मग गटविकास अधिकारी असा क्रम सांगितला तर तीन. गुण देणारे दोघं असावेत आणि त्यांनी एकमेकांचे गुण न बघता द्यावेत. पहिल्या तीस उत्तरांवर जुळत नसतील तर कसोट्या पुन्हा लिहा.

योजनांची आणि समित्यांची नावं विचारताना यादीत एक खोटं नाव घाला, उदाहरणार्थ 'ग्राम नागरी तपासणी समिती'. ती ऐकली आहे असं पंचवीस टक्के लोक म्हणाले तर बाकीच्या हो-हो उत्तरांतूनही तेवढी हवा काढावी लागेल, हे उघड आहे. मुलाखत संपल्यावर तसं नाव नाही हे सांगून टाका, नाहीतर चुकीची माहिती पसरवल्याचं पाप पदरी पडायचं.

कृतीचा दावा आला की पुरावा विचारा, पण चौकशीच्या सुरात नको. 'अर्ज केला होता' म्हणणाऱ्याला 'पोच आहे का जपून ठेवलेली?' असं विचारलं की माणूस आतून प्लास्टिकची पिशवी घेऊन येतो, किंवा विषय बदलतो. दोन्ही लिहा.

गटचर्चेसाठी बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, आणि जागा कुणाच्याच मालकीची वाटणार नाही अशी. सरपंचांच्या ओसरीवर दलित वस्तीतली माणसं मोकळी बोलणार नाहीत. सहा ते दहा जणं, एक तास, एक बोलवणारा, एक लिहिणारा. बायकांसाठी दुपारची दोन ते चार ही वेळ सोयीची पडते. पण पाणी यायची वेळ आधी विचारून घ्या.

यातलं प्रकल्पाचं किती?

समजा, प्रकल्पाच्या गावांत ग्रामसभेला जाणाऱ्यांचं प्रमाण १२ वरून ३१ टक्क्यांवर गेलं. संस्था १९ अंकांची वाढ छापायला निघेल. पण शेजारच्या, प्रकल्प नसलेल्या गावांतही ते ११ वरून १९ वर गेलं असेल, तर ८ अंक हवेतलेच होते. प्रकल्पाच्या नावावर जमा होतात ते ११. शेजारची गावं निवडताना मतदारसंख्या, रस्त्यापासूनचं अंतर आणि निवडणुकीचं वर्ष जुळवा. दोन गावांत ग्रामपंचायतीच्या निवडणुका वेगवेगळ्या वर्षी झाल्या असतील तर तुलना बिघडते, कारण निवडणुकीच्या आधीचं वर्ष सगळीकडेच गर्दीचं असतं.

आकड्यांच्या जोडीला पाच-सहा घटना उलट दिशेने तपासा. जे काम खरंच झालं त्याच्यापासून मागे चला: ते कुणामुळे झालं असं सरपंच म्हणतात, भाऊसाहेब म्हणतात, विरोधी गटाचा सदस्य म्हणतो? तिघांच्याही सांगण्यात प्रकल्पातल्या गटाचं नाव आलं तर दावा पक्का. फक्त संस्थेच्या कार्यकर्त्याच्या तोंडी आलं तर अहवालात घेऊ नका.

विचारणाऱ्याला काय भोगावं लागलं

हा भाग अहवालांत क्वचित असतो. हिशेब मागणाऱ्याचं घरकुल यादीतून मागे पडलं का, दाखल्यासाठी त्याला चार खेपा घालाव्या लागल्या का, बचतगटातून बाईला बोलणी बसली का, हे एकट्यात विचारा. असे प्रकार निघाले तर त्यांची संख्या द्या, पण गावाचं नाव, पद, विषय असं काहीच देऊ नका. सात-आठशे मतदारांच्या गावात 'एका महिला सदस्याने' एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं. संमती घेताना कागदावरची सही हट्टाने मागू नका, तोंडी संमती नोंदवली तरी चालते. सह्यांची भीती त्यांना आधीपासूनच असते.

खर्च, वेळ आणि गावाला परत जाणं

प्रकल्पाच्या एकूण खर्चातले पाच ते दहा टक्के मूल्यमापनासाठी सुरुवातीलाच बाजूला ठेवा. प्रत्यक्ष काम आठ ते दहा आठवड्यांचं: दोन दप्तर मिळवण्याचे, तीन-चार गावात फिरण्याचे, दोन नोंदी लावण्याचे, बाकीचे लिहिण्याचे. त्यात बसेल तेवढ्या ग्रामसभा बघा. दुसरी पुढच्या तिमाहीत येत असेल तर निरीक्षकाला त्या एका दिवसासाठी पुन्हा पाठवा. टुकडीत निम्म्या बाया हव्यात.

अहवाल पक्का होण्याआधी मसुदा घेऊन गावात जा. चाळीस पानं कुणी वाचत नाही. त्या गावाच्या दहा ठरावांची यादी मोठ्या अक्षरांत एका चार्टपेपरवर लिहा आणि पारावर किंवा समाजमंदिरात लावा: ठराव, तारीख, कुठे अडला. शेवटचा रकाना कोरा ठेवा आणि मार्कर तिथेच दोरीने बांधून ठेवा. तुमची चूक असेल तर गाव ती लगेच दुरुस्त करतं, आणि भाऊसाहेबांना त्यांची बाजू लिहायला जागा मिळते. पंधरा दिवसांनी जाऊन चार्टचा फोटो काढा. त्यावर जे लिहिलेलं असेल ते अहवालाच्या परिशिष्टात जसंच्या तसं जाऊ द्या, खाडाखोडीसकट. नावं आणि ओळख पटेल असा मजकूर तेवढा झाका.